पाचव्या पाटीनंतर

जीपच्या ड्रायव्हरवर माझा पहिल्यापासून संशय होता. आम्ही ज्या गावात जायचो तिथला दारूचा अड्डा आम्ही पोचायच्या आत बंद झालेला असायचा. झोपडीला कुलूप, काळे कॅन पालथे घातलेले, दारात सडा शिंपडलेला. म्हणजे कुणीतरी आधी कळवत होतं. जीपमध्ये आम्ही चौघंच : डॉक्टरबाई, बुवा, ड्रायव्हर आणि मी. बाई स्वतःच कार्यक्रम चालवत होत्या. बुवांच्या पाया पडायला गावोगावी म्हातारी माणसं पुढे येत. मी कुणाशी फारसं बोलतच नव्हते. उरला ड्रायव्हर.

हे नव्वदीतलं. बीडमध्ये गच्च्यांवरून केबलच्या वायरी लोंबायला लागल्या होत्या, चौकाचौकात एसटीडीचे बूथ झाले होते आणि अंबाजोगाईच्या रस्त्याला ट्यूबलाइटच्या माळा लावलेल्या परमिट रूम उघडल्या होत्या. आमचं कापडाचं दुकान. वडिलांनी मला औरंगाबादला मावशीकडे ठेवून इंग्रजी शाळेत शिकवलं होतं, आणि शिकून परत आल्यावर माझं काय करायचं हे त्यांना कळत नव्हतं. मलाही नव्हतं. मराठी वाचायला यायचं, पण बोलताना प्रत्येक वाक्य आधी मनात जुळवून घ्यावं लागे, आणि ते जुळेपर्यंत समोरचा माणूस दुसरं काहीतरी बोलायला लागलेला असे.

गावातल्या एका लहान दवाखान्यानं दारूचे दुष्परिणाम खेड्यांत समजावून सांगायचं काम घेतलं होतं. त्यांना इंग्रजीत अहवाल लिहिणारं कुणीतरी हवं होतं. वडिलांनी होकार दिला, कारण प्रमुख बाई होत्या आणि जीप रोज घरापर्यंत सोडणार होती.

अहवाल महिन्यातून एकदा. एरवी माझं काम पाट्या धरायचं. बाई त्यांना फ्लिप चार्ट म्हणत, पण त्या दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरनं हार्डबोर्डवर रंगवलेल्या पाच पाट्या होत्या. पहिलीत लग्नाच्या वरातीत मित्र एकाच्या हातात पेला देतायत. दुसरीत तोच माणूस भर दुपारी झाडाखाली पडलाय. तिसरीत त्यानं बायकोवर हात उगारलाय. चौथीत त्याचं पोट खिडकीसारखं उघडून आतलं लिव्हर दाखवलंय, अर्धं तांबडं, अर्धं खडबडीत आणि करडं. पाचवीत तो बाजेवर पडलाय, हातपाय काटक्यांसारखे, पोट फुगलेलं, डोळे पिवळे. बायको पायथ्याशी बसलीय आणि उशाशी दोन काळे, धिप्पाड पुरुष उभे आहेत. अहवालात मी त्यांचा उल्लेख 'रुग्णाचे नातेवाईक' असा केला होता.

पाटी छातीशी धरली की मी नाकापर्यंत तिच्यामागे जात असे. ते मला बरं वाटे. लोक पाटीकडे बघत आणि मी लोकांकडे.

लोकांनाही आमचा संशय होताच. जीप थांबली की आधी पुटपुट सुरू होई.

"कुटुंबनियोजनवाले हायत का गं?"

"न्हाई. मतं मागायला आलेत. पाट्या बघ केवढ्या हायत."

"फुकट कावून दाखवतेत मग? कायतरी इकायचं असंल."

बुवा हे सगळं ऐकून न ऐकल्यासारखं करत आणि उपरणं झटकून उभे राहत. त्यांचे वडील आणि चुलते जत्रांमधून नरकाची चित्रं दाखवत हिंडायचे. खोटं बोललं तर जीभ कशी उपटतात, चोरी केली तर उकळत्या कढईत कसं टाकतात, एकेका पापाची एकेक पाटी. बुवा त्यांच्याच हाताखाली शिकलेले. गोष्ट सांगायला लागले की कुत्रीसुद्धा बसून घेत. पोरं मस्करी करायला बघत, पण बुवा त्यांना पुरून उरत.

"बुवा, ह्यो चित्रातला तुमचा मेव्हणा का वो?"

"माजा मेव्हणा असता तर इतका वाळला नसता, बाबा. माज्या बहिणीच्या हातचं खाऊन त्यो दारातून आत मावंना."

एकदा नेकनूरच्या अलीकडच्या एका गावात, नवीन चकचकीत शर्ट घातलेला एक जण शेजारच्याला म्हणाला, "ही गावठीची गोष्ट हाय. आपण सीलबंद घेतो बे. सीलबंदला काय होत न्हाई."

बाईंनी मागून ऐकलं. "सील बाटलीला असतं," त्या म्हणाल्या, "लिव्हरला नसतं. त्याला दोन्ही सारख्याच."

लोक हसले, तोही हसला. पण त्याला ते पटलं नव्हतं, हे मला पाटीच्या कडेवरून दिसत होतं.

पाचवी पाटी वर आली की मात्र कुणी हसत नसे. सगळं अंगण गप्प होई. काही बाया हात जोडत. बाई या शांततेवर खूश होत्या. "बघ, पोचतंय," असं त्या परतताना म्हणायच्या. मला ती शांतता आवडत नव्हती. शाळेत मुख्याध्यापिका वर्गात आल्यावर अशी शांतता पसरायची, आणि तेव्हा कुणाच्याही डोक्यात काही पोचत नसे.

त्या शांततेचं कारण मला त्याच गावात कळलं. कार्यक्रम संपल्यावर एक म्हातारी हातात कुंकवाचा करंडा घेऊन आली आणि पाचवीपुढे घुटमळली.

"ह्यांना कुंकू लावावं का न्हाई गं, बाई?" तिनं उशाशी उभ्या असलेल्या दोघांकडे बोट केलं.

मी वाक्य जुळवलं. "ते त्याचे भाऊ आहेत, आजी."

तिनं माझ्याकडे अशी नजर टाकली की मी पाटी आणखी वर उचलली. "भाऊ? अगं माय, शिंगं दिसंनात का तुला?"

मी वाकून पाहिलं. ज्यांना मी पागोट्याची टोकं समजत होते ती शिंगं होती. बुवांनी पेंटरला सांगून यमदूत घालून घेतले होते, आणि बाईंनी व मी मिळून त्यांची नातेवाइकांत गणना केली होती.

"त्याबिगर लोक बसत न्हाईत, ताई," बुवा शांतपणे म्हणाले. मी बाईंना काही सांगितलं नाही. अजून कुणावर किती विश्वास ठेवायचा हे माझं ठरत नव्हतं.

ड्रायव्हरकडे मात्र मी बारकाईनं बघत होते. पाचवी पाटी वर आली की तो गर्दीच्या मागून निघून जायचा आणि जीपचं बॉनेट उघडून आत डोकं घालायचा. रोज, नेमकं त्याच वेळी. गॉगल तर तो देवळाच्या मंडपातसुद्धा काढत नसे. डोक्याला रुमाल गुंडाळलेला, भर उन्हाळ्यात गळ्यापर्यंत ओढलेला. जेवायला बसलो की वरण नको म्हणायचा, भजी नको, तेलाचं काही नको. कोरडी भाकरी आणि ताक. पण रसवंती दिसली की जीप आपोआप थांबायची आणि तो उभ्यानं उसाचा रस प्यायचा. मी या सगळ्याची एकच मोट बांधली होती : हा पितो, आणि अड्डेवाल्यांशी याचं संधान आहे.

धारूरच्या घाटात जीप तापली. तो रेडिएटरमध्ये पाणी ओतायला वाकला आणि रुमाल सरकला. मानेवर एक वाळकी, गाठीगाठींची माळ होती, कसल्यातरी मुळीच्या तुकड्यांची. माझ्या काकांच्या गळ्यात मी लहानपणी तशी बघितली होती. काविळीची माळ. आधी डोक्यावर ठेवतात, ती हळूहळू सैल होऊन खाली उतरते, आणि जसजशी माळ उतरेल तसतशी कावीळ उतरते असं म्हणतात. तोवर हळद नाही, तेल नाही, उसाचा रस भरपूर. सगळी मोट एकदम सुटली आणि दुसऱ्याच आकाराची झाली.

बाई आणि बुवा वरच्या वळणावर चहाला गेले होते. मी जीपमध्येच बसून राहिले.

"भाऊ, ती काविळीची माळ आहे ना?"

त्यानं रुमाल वर ओढला. "इंग्रजी शाळेत शिकवतेत का हे?"

"तुम्ही पिता?"

"पीत होतो. लई पीत होतो. गेल्या पोळ्यापासून थेंब न्हाई."

 माझा चेहरा बोलला असावा.

"न्हाई ना पटत? कुणालाच पटत न्हाई, ताई. म्हणून तर सांगत न्हाई."

"मग बाईंना का दाखवत नाही? दवाखाना आपलाच आहे."

"आपलाच हाय म्हणूनच तर." त्यानं पाण्याचा डबा खाली ठेवला. "सगळ्या तालुक्यात मला वळखतेत. दारूच्या पाट्यांची गाडी आणणारा म्हणून. उद्या मी रांगेत बसलो तर काय म्हणतील? पाचवी पाटी आता सोताच गाडी चालवत यायलीय."

मला हसू आलं आणि ते मी दाबलं. तो हसला नव्हता.

"रोज ऐकतो मी बुवाची गोष्ट. पैली पाटी माजी झाली. दुसरी झाली. तिसरी बी झाली, खोटं कशाला बोलू. मग सोडली. बायको म्हणली, देव पावला. तरी ह्ये डोळे असे झाले. म्हंजी पाचवी आलीच की. आता ते भोगायचं हाय, बायको बी तेच म्हणते. पाचवीनंतर बुवा काय करतो? पाट्या बांधतो, मी गाडी काढतो. पुढं काय हाय, ते सांगा मला."

पुढची पाटी आम्ही काढलीच नव्हती. मला त्याला उत्तर द्यायचं होतं आणि तरीही, संशय इतका मुरलेला की, मी विचारलं, "अड्ड्यावर खबर तुम्ही देता ना?"

तेव्हा तो हसला. "मी? अवो, बुवा देतो. आदल्या दिवशी एसटीच्या कंडक्टरबरोबर निरोप धाडतो, अंगण झाडून ठेवा म्हणून. अड्डेवाला बी त्याच एसटीत बसतोय की."

चहा संपवून दोघं खाली येत होते. "बाईंना सांगू नका," तो घाईनं म्हणाला. "आज न्हाई."

मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

घरी गेल्यावर मात्र चैन पडेना. त्याच्यावर माझा पूर्ण विश्वास बसला नव्हता. पिणारे सगळेच सोडली म्हणतात. पण खरं असो की खोटं, डोळे तर पिवळे होते. दुसऱ्या दिवशी मी बाईंना, अहवालासाठी हवंय असं दाखवून, विचारलं की एखाद्यानं दारू सोडली आणि तरी कावीळ झाली तर पुढे काय.

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "कोण आहे?"

"कुणी नाही."

"कुणी नसेल तर त्या कुणी नसलेल्याला सांग की माळा घालत बसू नकोस. कावीळ दहा कारणांनी होते. तपासल्याशिवाय कळत नाही. लिव्हर खराब झालं असलं तरी, सोडलेल्या माणसाच्या हातात पुष्कळ उरलेलं असतं. सगळं भरून येईल असं मी म्हणणार नाही. पण उशीर केला तर जे उरलंय तेही जाईल." मग हळू आवाजात, "घरातलं कुणी आहे का गं?"

"नाही, बाई."

त्यांना ते पटलं नाही. दिवसभर त्या माझ्याकडे वेगळ्याच मायेनं बघत होत्या.

हे त्याला जीपमध्ये सांगता आलं असतं. पण त्यानंतर तो मला एकटा सापडेना. चहाच्या टपरीवर मी थांबले की तो टायर बघायला जायचा.

धर्मापुरीला जुन्या देवळापुढे कार्यक्रम होता. जाताना बुवा रंगात येऊन चुलत्याच्या आठवणी सांगत होते. चुलत्याला एक जोडीदार होता. त्याचं काम एकच, गोष्टीत मधेच येड्यासारखा प्रश्न विचारायचा. "आणि जोडीदारानं इचारलं की उत्तर द्यावंच लागतं, ताई. ततं अडला तर कथा मोडली, लोक उठून जातेत. मला मिळाल्या तुमी. मुक्या."

ड्रायव्हर आरशात माझ्याकडे बघत होता. मी खिडकीबाहेर बघायला लागले.

लोक बरेच जमले होते. पहिली पाटी, दुसरी, तिसरी. चौथीला बाईंनी लिव्हर समजावलं. पाचवी वर आली आणि अंगण नेहमीसारखं गप्प झालं. मागे जीपचं बॉनेट उघडल्याचा आवाज आला. बुवा आवाज खाली आणून म्हणाले, "केलं ते भोगलं." आता ते उपरणं खांद्यावर टाकणार आणि मी पाट्या बांधणार.

वाक्य मी सकाळपासून जुळवत होते. तरी ते बाहेर आलं तेव्हा माझं मलाच दचकायला झालं.

"पण बुवा, यानं चौथीलाच सोडली असली तर?"

बुवांनी वळून पाहिलं. जणू हातातल्या पाटीलाच वाचा फुटली होती. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. बुवांना रागवता येत नव्हतं. जोडीदाराच्या जागेवरून प्रश्न आला होता.

"सोडली तर," बुवा सावरत म्हणाले, "तर देव पावला म्हणायचं."

"देव पावला, तर डोळे कशानं पिवळे झाले?"

कुणीतरी खिदळलं. "बोला बुवा, आता बोला!"

"डोळे पिवळे झाले ते आधीच्या पिण्यानं. नायतर दुसऱ्या कशानं बी आसंल. तपासल्याबिगर कसं कळंल?" बुवांना आता चेव चढला. "मग त्यो गेला दवाखान्यात."

"दवाखान्यात सगळे बघतील. लाज वाटेल."

"वाटंना का! लाज वाटून मेलेलं बरं का लाज वाटून जगलेलं? त्यो पडला बाजेवर, पर म्हणला, आजून मी मेलो न्हाई. पिणं बंद करून आलोय, डॉक्टर, बघा काय उरलंय ते. डॉक्टर म्हणला, हाय. उरलंय. हितनं पुढं जपायचं."

"आणि हे दोघं?" मी शिंगवाल्यांकडे हनुवटी केली.

बुवा क्षणभर अडले.  मग त्यांनी हात झटकला. "ह्ये? ह्ये कटाळून गेले. किती येळ हुबे राहतील?"

देवळापुढे असा हशा झाला की मागच्या बाया पुढे सरकल्या. पाचव्या पाटीवर लोक हसल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं. हशा ओसरल्यावर एका बाईनं पदर तोंडावर धरून विचारलं, दवाखान्यात कोणत्या वारी यायचं. मग दुसरीनं विचारलं. बाई त्यांच्यात बसल्या. मी मान वळवून मागे पाहिलं. बॉनेट उघडंच होतं, पण त्याच्याजवळ कुणी नव्हतं. तो जीपच्या पायरीवर बसला होता, आमच्याकडे पाठ करून.

 परतीच्या वाटेवर बुवा म्हणाले, "आधी सांगून इचारत जा की, ताई. काळीज बंद पडलं असतं."

दुसऱ्या दिवशी जीप आलीच नाही, म्हणून मी चालत दवाखान्यात गेले. आतल्या खोलीत बाई चिडल्या होत्या. बुवा म्हणाले, "बसला असंल कुठं ढोसत." मलाही तेच वाटलं, नाही म्हणणार नाही. आपल्या बोलण्यानं माणूस बरोबर उलट्या दिशेला गेला असणार, असं मला वाटत राहिलं. मी चालत दवाखान्यात गेले.

बाह्यरुग्णांच्या रांगेत, भिंतीकडेच्या बाकावर तो बसला होता. शेजारी एक बारीक, ताठ बसलेली बाई. तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"ह्याच का त्या?" तिनं त्याला विचारलं. त्यानं मान हलवली. "तुमच्या पाट्यांपायी रातभर झोपू दिलं न्हाई ह्यांनी मला. जायचं, न्हाई जायचं, जायचं. माळ उतरल्यावर जाऊ म्हणलं तर ऐकनात."

आत बाईंनी त्याला बघितलं आणि मग मला.  पोट दाबून पाहिलं, डोळ्यांची पापणी ओढली, रक्त घ्यायला पाठवलं. दुसऱ्या दिवशी रक्ताचा अहवाल आल्यावर निघालं ते असं : लिव्हर कडक झालंय, दारूनंच. पोटात थोडं पाणी आहे. मीठ कमी, औषधं, दर महिन्याला दाखवायला यायचं, आणि थेंबसुद्धा नाही, ना गावठी ना सीलबंद.

"मीठ कमी, एवढंच?" त्याच्या बायकोनं भुवया वर केल्या. तिला आम्ही काहीतरी लपवतोय असं वाटत होतं. "ह्ये जगतेत का न्हाई ते सांगा सरळ."

"मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. "पण हे काल आले नसते तर मला याहून कमी माहीत असतं."

 तिनं त्याच्या मानेवरची माळ नीट केली. ती तिनं काढू दिली नाही, आणि बाईंनीही हट्ट धरला नाही.

पोळ्याच्या सुमाराला तो जीपवर परत आला, बारीक होऊन, पण पांढऱ्या डोळ्यांनी. माझा संशय गेला होता असं नाही. लिव्हरचं दुखणं म्हणजे काय हे आता मी वाचलं होतं आणि सोडणाऱ्यांतले किती जण परत धरतात हेही रोज बघत होते. सकाळी जीपमध्ये चढताना मी नकळत श्वास ओढून घ्यायचे. मला वाटे, हे कुणाच्या लक्षात येत नसेल.

त्याच्या आलं होतं. एके दिवशी दार उघडून धरत तो म्हणाला, "हळूच कशाला, ताई? सरळ घ्या." आणि वाकून माझ्या तोंडावर मोठा श्वास सोडला. ज्वारीची भाकरी, लसूण, तंबाखू. बुवा मागून ओरडले, "काय चाललंय सकाळ सकाळी?"

"तपासणी चाललीय," तो म्हणाला.

मी चढले. पुढे जोवर मी त्या कामावर होते, तोवर हे रोज होत राहिलं. त्याला त्याचा राग आला नाही, आणि मी एकदाही, कशाला आता, असं म्हटलं नाही.